जुना क्रमांक

बत्तीस वर्षं मी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. माझ्या हाताखालचा कागद मागायला आलेला माणूस रिकाम्या हातानं परत गेला, असं कधी झालं नाही. रेकॉर्ड कसं लावायचं हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं होतं. नोंदवहीत आधी नवा क्रमांक, त्याच्या शेजारी जुना क्रमांक, मग नाव, आणि सगळं अकारविल्हे, म्हणजे अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं. तुमची नवी रचना कितीही झकास असली तरी जुना क्रमांक लिहायचाच, कारण उद्या कुणी त्याच क्रमांकानं कागद मागायला येईल. हे मी पुढं कितीतरी कारकुनांना शिकवलं. ज्यांनी तो रकाना आखला नाही त्यांच्या वह्या मी टराटरा फाडल्या. आणि आयुष्यात एकदाच, माझ्या स्वतःच्या घरात, मला त्या रकान्याची गरज वाटली नाही.

माझी बायको बायडाबाई. माहेर कुरुंदवाडकडचं, शिक्षण चौथीपर्यंत, आवाज खणखणीत. कसबा बावड्यातल्या आमच्या विहारात पौर्णिमेची वंदना झाली की गाण्याचा पहिला सूर तिचा; बाकीच्या बायका तिच्या मागून. मला गाण्यातलं काही कळत नाही. "ह्यास्नी काय इचारतासा, गाढवाला गुळाची चव काय?" असं ती चारचौघांत म्हणायची आणि मी हसायचो. खरंच होतं ते.

नव्वदीच्या दशकात महाद्वार रोडच्या एका बोळात गणपतराव नावाच्या गृहस्थांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. आपण गाणी सांगायची, ते कॅसेट भरून द्यायचे. पाचव्या वेतन आयोगाच्या फरकातून मी घरी सीडी प्लेअर आणला, तेव्हापासून ती सीडी भरून घ्यायला लागली. दोन-तीन महिन्यांतून एकदा मी तिला स्कूटरवरून तिकडं सोडायचो. ती काउंटरला टेकून उभी राहायची आणि कागद न बघता यादी सांगायची. आधी एक गवळण, तिच्या पाठीला भीमगीत, मग एक जुनं सिनेमाचं, मग पाळणा. गणपतराव म्हणायचे, "वहिनी, सगळी भीमगीतं एकीकडं घालू, भावगीतं एकीकडं घालू. सोयीचं पडतंय." ती म्हणायची, "न्हाई. मी सांगते तश्शीच भरा."

मी बाहेर स्कूटरपाशी घड्याळ बघत उभा असायचो. एकदाही आत जाऊन विचारलं नाही की तशीच का.

अशा एकतीस सीड्या झाल्या. कशावरही गाण्यांची नावं नाहीत. प्रत्येकीवर तिनं निळ्या पेनानं एक चित्र काढलेलं: मासा, तांब्या, पिंपळाचं पान, चप्पल. मी चिडवायचो, "ही कसली अनुक्रमणिका?" ती म्हणायची, "मला घावतंय न्हवं? मग झालं की." चूल असो, धुणं असो, सीडी चालू. मी कचेरीतून आलो की पहिल्यांदा आवाज कमी करायचो.

दोन हजार सहाच्या जानेवारीत तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोललेलं तिला बरंचसं कळायचं, पण हो-नाहीची गल्लत व्हायची. चहा हवा का विचारलं तर मान नकारार्थी हलायची आणि डावा हात कपाकडं जायचा. गल्लीभर ऐकू जाणारी बाई माझ्यासमोर मुकी बसून राहायची. मला ते बघवायचं नाही. मी दिवसभर काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात उभा असायचो.

मार्चमधली गोष्ट. सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि तिची मासा काढलेली सीडी लावली होती, घरात काहीतरी आवाज असावा म्हणून. एक गाणं संपलं. दोन गाण्यांच्या मध्ये ती जी दोन-तीन सेकंदांची शांतता असते, त्या शांततेत पलंगावरून बारीक आवाज आला. ऊंऽ, ऊंऊंऽ. मग पुढचं गाणं सुरू झालं, आणि ते त्याच सुरात, त्याच चालीत सुरू झालं. गाणं यायच्या आधी तिनं ते धरलं होतं. मी दारात उभा राहिलो. दूध उतू गेलं, शेगडी विझली, घरभर जळका वास. मी हललो नाही. पुढचं गाणं संपायची वाट बघत राहिलो. ते संपलं, आणि परत तेच. सहा वर्षं रोज त्याच क्रमानं ऐकून पुढचं गाणं तिच्या अंगात आधीच तयार असायचं.

राजारामपुरीत जिथं तिचे उपचार चालले होते तिथं साक्षी नावाची बोलणं शिकवणारी मुलगी होती. मी तिला हे सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच.

"काका, बोलायची वाट बंद झाली तरी गाण्याची वाट कधीकधी उघडी राहते. त्याच वाटेनं शब्द परत आणायचे. पहिलं वर्ष महत्त्वाचं. जेवढं जास्त ऐकतील तेवढं चांगलं. त्या मधल्या जागेत त्या काय करतात ते बघत राहा."

मी वहीच घातली. मे महिन्यात त्या मधल्या जागेत नुसत्या सुराऐवजी गाण्याचा पहिला शब्द यायला लागला. जूनमध्ये दोन शब्द. आणि ऑगस्टमध्ये एक दिवस मी पेपर वाचत बसलो होतो, गाणं संपलं, आणि तिनं पुढच्या गाण्याच्या चालीवर, चक्क गाऊन म्हटलं, "अवोऽ, दूऽध!"

मी धावलो. दूध वर आलं होतं. गॅस बंद केला आणि ओट्याला धरून रडलो. बावीस-तेवीस मिनिटं तरी मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो असेन, अजून एक शब्द येईल म्हणून. आला नाही, पण मला घाई नव्हती. वाट सापडली होती.

पुण्याला नोकरीत असलेल्या नागसेननं, माझ्या मुलानं, आईच्या जाण्यायेण्यासाठी त्याची जुनी मारुती पाठवून दिली. एकोणसाठाव्या वर्षी मी गाडी शिकलो. बावड्यातून निघायचं, लाईन बाजार, धैर्यप्रसाद, कावळा नाका, राजारामपुरी. जाऊन-येऊन पाऊण तास. साक्षी म्हणाली, हा पाऊण तास तरी फुकट का घालवायचा? गाडीतही गाणी लावा. गाडीत प्लेअर होता, पण लाईन बाजारच्या खड्ड्यांत सीडी अडखळायची. शिवाय एक संपली की दुसरी बदलायची म्हणजे चालवता चालवता एक हात कामातून गेला. एकदा कावळा नाक्यावर मी सीडी बदलायच्या नादात एका रिक्षाला मागून गाडी ठोकली. रिक्षावाला उतरून म्हणाला, "पावणं, गाणी ऐकायची असली तर घरात बसा की!"

नागसेन फोनवर म्हणाला, "बाबा, सगळ्याचं एमपी थ्री करून टाका. एका चकतीत दीडशे गाणी मावतात. तीन चकत्यांत आईचं सगळं घर बसेल. अडखळायचंही नाही."

त्यानं त्याचा जुना कॉम्प्युटर घरी ठेवला होता. कसं करायचं ते त्यानं फोनवर सांगितलं, मी लिहून घेतलं. ऑक्टोबरचे तीन आठवडे मी त्या कामाला बसलो. आणि खरं सांगतो, निवृत्तीनंतर इतका सुखी मी कधी झालो नव्हतो. सीडी आत घालायची, गाणी दाबून बारीक व्हायची, फाईली पडायच्या. सगळ्यांची नावं ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन. चारशे तीन गाणी आणि एकाला नाव नाही! माझ्यातला रेकॉर्ड कीपर खडबडून जागा झाला. मी नवीन जाड नोंदवही आणली. प्रत्येक गाण्याचं तोंड तेवढं ऐकायचो, पहिला शब्द लिहायचो, पुढच्यावर जायचो. मग सगळी गाणी अकारविल्हे लावली. अ ची एकवीस, क ची चौतीस. प्रत्येक फाईलला त्याप्रमाणं नंबर दिला आणि नाव घातलं. तेच गाणं दोन-तीन सीड्यांवर असेल तर "दुबार नोंद" असा शेरा मारून एक ठेवलं, बाकीची पुसली. एक पाळणा तर पाच सीड्यांवर होता. चार पुसले. जागा मोकळी करायची म्हणून कॉम्प्युटरवरच्या पहिल्या प्रतीही पुसल्या. तीनशे एकाहत्तर गाणी राहिली, तीन चकत्यांत, स्वच्छ.

नोंदवहीत नवा क्रमांक होता. जुना क्रमांक नव्हता. त्या सीड्यांना काही क्रम असेल असं माझ्या मनातच आलं नाही. कचेरीतल्या भिजलेल्या, कसर लागलेल्या गठ्ठ्यालासुद्धा मी जुना क्रमांक विचारला होता. बायकोनं सहा वर्षं काउंटरला उभं राहून सांगितलेली गाणी मात्र मला नुसता ढीग वाटली.

त्याच दिवसांत बायडाचा धाकटा भाऊ केरबा तिला बघायला आला. तो कुरुंदवाडला एका बागाईतदाराच्या ट्रॅक्टरवर आहे, हंगामात कारखान्याला ऊस वाहतो. सीड्यांचा डबा टेबलाखाली बघून म्हणाला, "दाजी, ह्या चकत्या रिकाम्या झाल्यात न्हवं? मला द्या की. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला लावतो. मागनं लाईट पडली की चकाकत्यात. गेल्या साली एक मोटरसायकलवाला ट्रॉलीखाली जाता जाता ऱ्हायला."

"घेऊन जा सगळ्या," मी म्हटलं. चांगल्या कामाला लागतायत म्हणून मला बरंच वाटलं. पलंगावरून बायडा त्या डब्याकडं बघत होती. डावा हात तिनं थोडा उचलला. मला वाटलं, भावाला निरोप देतेय.

पहिल्या दिवशी गाडीत नवी चकती घातली. अ चं पहिलं गाणं संपलं. मधल्या जागेत तिनं सूर धरला. अ चं दुसरं गाणं सुरू झालं, ते भलतंच. ती थांबली. प्लेअरकडं बघितलं. ते संपलं, तिनं परत धरला, परत भलतंच आलं. राजारामपुरी येईपर्यंत असं पाच वेळा झालं. मी समोर बघत गाडी चालवत होतो आणि आवाज कसा एकदाही अडखळला नाही याचं कौतुक करत होतो. चार-पाच दिवसांत तिचं गुणगुणणं थांबलं. घरीही आता तीच चकती लावत होतो, तिथंही थांबलं. मला वाटलं, ऐकण्यात रमलीय.

पंधरा दिवसांनी साक्षीनं विचारलं, "काका, मावशींचा आवाज का कमी झाला? घरी काही बदललंय का?"

"काही नाही," मी म्हटलं. "उलट आता सगळं व्यवस्थित लावलंय." आणि तिला नोंदवही दाखवली. ती बिचारी म्हणाली, "छान."

नोव्हेंबर गेला. साक्षीच्या कपाळावर आठ्या यायला लागल्या. सकाळी दूध तापत ठेवून मी मुद्दाम पेपर उघडून बसायचो. दूध वर यायचं, उतू जायचं, ओट्यावरून खाली ओघळायचं. बायडा बघत राहायची. तोंड उघडायचं, मिटायचं.

डिसेंबरमध्ये एक दिवस परत येताना क ची गाणी चालली होती. लाईन बाजारपाशी एक गाणं संपलं आणि शेजारून सूर आला. दोन शब्दांसकट. मी ब्रेकच मारला. मागचे हॉर्न वाजवून शिव्या देऊन पुढं गेले. पुढचं गाणं सुरू झालं, आणि ते तेच होतं. मी मागं नेऊन परत लावलं. परत तिनं धरलं. ही दोन गाणी मला आठवत होती. नंबर देताना मला गंमत वाटली होती, की मासा काढलेल्या सीडीवर ही दोन आधीपासूनच एकामागोमाग होती, यांना हलवावं लागलं नाही. तीनशे एकाहत्तरांत तिच्या रचनेतली ही एक जोडी माझ्या रचनेतून चुकून वाचली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वरातीमागून घोडं. गाडी बाजूला घेऊन मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. दोन महिने मी तिला रोज पाऊण तास गाडीत आणि दिवसभर घरात एकच शिकवत होतो: तुझ्या मनात येतं ते चूक आहे. आणि ती ते शिकली होती.

यानंतर जे केलं त्याची मला जास्त लाज वाटते. ती एक जोडी मी सोडली नाही. घरी आल्यावर दहा वेळा लावली, दुसऱ्या दिवशी पंधरा वेळा. ती म्हणत होती आणि मी परत मागं नेत होतो. चरकातून निघालेलं चिपाड परत परत चरकात घालावं तसं. आठवड्यात तिनं त्या जोडीलाही तोंड उघडायचं बंद केलं. आज वाटतं, मी तेव्हा दोन कानशिलात मारून घ्यायला हव्या होत्या आणि प्लेअर बंद करायला हवा होता.

नागसेनला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, फाईलींच्या तारखा बघा. ज्या क्रमानं केल्या त्या क्रमानं तारखा असतील." बघितलं. तारखा सगळ्या मी नावं घातली त्या दिवसांच्या होत्या, त्याही अकारविल्हे. पहिल्या प्रती मी पुसलेल्या. मग महाद्वार रोडला गेलो. दुकानात आता मोबाईल होते. गणपतरावांचा मुलगा म्हणाला, "नाना जाऊन वर्ष झालं. गिऱ्हाइकांच्या याद्यांच्या वह्या होत्या खऱ्या. रद्दीत घातल्या." मी त्याला काय बोलणार? बायडाला विचारायचं तर ती हो ला नाही म्हणणार. राहिला केरबा.

केरबाची ट्रॉली कारखान्याच्या अड्ड्यात, ऊस खाली करायच्या रांगेत, नंबराला लागली होती. जानेवारीची दुपार, दोनशे ट्रॅक्टर, उसाचा आणि मळीचा वास. मी ट्रॉल्यांच्या मागून एकेक फाळका बघत फिरलो. जिकडंतिकडं सीड्या चकाकत होत्या, पण दुसऱ्यांच्या. केरबा ट्रॅक्टरखाली झोपला होता. उठवून सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, सांगायचं न्हाई का वो? मी आपल्या आठ ठिवल्या. बाकीच्या तोडणीवाल्यास्नी वाटल्या, बैलगाड्यांस्नी लावाय. ती माणसं कुठल्या कुठं गेली असतील."

फाळक्यावर आठांपैकी पाच उरल्या होत्या. मधल्या भोकातून बोल्ट आणि त्यावर भला मोठा वायसर लावून पक्क्या केलेल्या. चिखल, पाचटाचे ओरखडे, दोन तर तडकलेल्या. केरबानं पाना आणून एकेक काढली. चौथीच्या पाठीवर मासा होता. निळी शाई अर्धी पुसलेली, पण मासाच. केरबानं ती आपल्या सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आक्काला सांगू नगासा, मी कुठं लावलीती ते."

घरी येऊन कॉम्प्युटरमध्ये घातली. नुसती घरघर. एकही गाणं वाजेना. नागसेन फोनवर म्हणाला, "बाबा, थांबा, काढू नका. सीडीची अनुक्रमणिका अगदी आतल्या कडेला असते. किती गाणी आणि कुठलं गाणं किती वेळाचं, एवढं तिथं लिहिलेलं असतं. बाकी सगळं गेलं तरी तेवढं वाचता येईल." वायसरच्या खाली तेवढाच भाग शाबूत राहिला होता. पडद्यावर तेरा गाणी आली. नावं नाहीत, आवाज नाही. फक्त क्रम आणि वेळ.

त्यानं एक छोटा प्रोग्राम पाठवला, तो सेकंदाच्याही बारीक भागापर्यंत वेळ दाखवायचा. तीनशे एकाहत्तर गाण्यांच्या वेळा मी नव्या पानांवर उतरवल्या आणि या तेरांशी एकेक जुळवत बसलो. बारा दिवस लागले. अकरा गाणी पक्की लागली. सातवं आणि आठवं मात्र अडलं. दोन गाणी मिळाली, पण दोघांच्या वेळा इतक्या सारख्या की आधी कुठलं आणि नंतर कुठलं ते कळेना. मी त्यांना आपलं अंदाजानं लावून टाकलं. तेरा गाण्यांची साधी सीडी तयार केली. पाठीवर निळ्या पेनानं मासा काढला. तिच्यासारखा जमला नाही.

साक्षीला सगळं सांगितलं होतं. ती माझ्यावर रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "प्रयत्न करू काका. पण वापर थांबला की पाऊलवाट बुजते. किती बुजलीय ते आत्ता सांगता येणार नाही."

फेब्रुवारीत एका सोमवारी बायडाला गाडीत बसवलं, पट्टा लावला, सीडी घातली. पहिलं गाणं सुरू झालं तसं तिनं प्लेअरकडं वळून बघितलं. मी गाडी वीसच्या वेगानं चालवत होतो. पहिलं गाणं संपलं. शांतता. दुसरं सुरू झालं. तिनं काही म्हटलं नव्हतं. दुसऱ्यानंतरही नाही. तिसऱ्यानंतर तिचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण तो लाईन बाजारचा खड्डा होता. चौथं, पाचवं. क्रम तिचा होता, सगळं तिच्या मनासारखं होतं, आणि आवाज येत नव्हता. सहावं संपलं आणि ती रिकामी जागा मला सहन झाली नाही. ज्यानं जन्मात एक ओळ सुरात म्हटली नाही, त्या मी पुढच्या गाण्याचा सूर धरला. ऊंऽ, ऊंऊंऽ.

बायडाचा डावा हात उठला आणि माझ्या तोंडावर आला.

मला वाटलं, बेसूर झालो. हात बाजूला करून परत धरला. तिनं परत तोंड दाबलं, या खेपेला घट्ट. तळव्याला मालिशच्या तेलाचा वास होता. प्लेअरमधून सातवं गाणं सुरू झालं. तिनं प्लेअरकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मान हलवली. ती नजर मी ओळखली. मी सांगते तश्शीच भरा.

मी गाडी कडेला घेतली. सातवं आणि आठवं. ज्या दोघांचा निकाल लागत नव्हता, ती मी अंदाजानं लावली असं वर म्हणालो, ते खोटं आहे. ती मी अकारविल्हे लावली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी बटण दाबून आठव्यावर गेलो आणि ते सुरू व्हायच्या आत, असेल तशा आवाजात त्याचा सूर धरला. बायडाचा हात तोंडावरून निघाला आणि मांडीवर जाऊन बसला.

म्हणजे सगळं होतं तिच्याजवळ. एकतीसच्या एकतीस सीड्या, गाण्यामागून गाणं, जसंच्या तसं. कुठंही काही हरवलं नव्हतं. फक्त ते बाहेर यायची वाट मी बुजवली होती. कडेला उभ्या गाडीत मी तिचा तो हात धरून रडलो. ती पुढच्या गाण्याकडं लक्ष देत होती.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. मी नवीन नोंदवही केली आहे. तिच्यात पहिलाच रकाना जुन्या क्रमांकाचा. राजारामपुरीला जाता-येता एक गाणं लावायचं, ते संपलं की मी पुढचं म्हणून एखादं गुणगुणून बघायचं. हात तोंडावर आला की ते खोडायचं. हात मांडीवरच राहिला की नोंद करायची. कधीकधी एका नोंदीला आठवडा जातो. आतापर्यंत एकशे बारा गाणी जागेवर लागली आहेत. तो पाळणा पाचही ठिकाणी परत घातला. तो पाच वेळा का, ते तिला विचारलं. ती माझ्याकडं बघत राहिली.

साक्षी अजून शिकवते, धीर देते. बायडा एक शब्द बोललेली नाही. माझा आवाज मात्र थोडा सुधारला आहे, असं केरबा म्हणतो.

दूध आता मी वेळेवर उतरवतो.